जुनी सायकल घरी उघडून पुन्हा जोडताना

बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पायडलांचा एक्सल ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या जोडाचा, डावा कप (छर्रे धरणारी वाटी) शेवटच्या आट्यातून सुटतो, तेव्हा आतून ग्रीस येत नाही. काळं, मेणासारखं घट्ट झालेलं काहीतरी येतं. त्यात वाळू असते, गंजाची पूड असते आणि रुतून बसलेले छर्रे असतात. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने ते खरवडायचं, एक्सल फडक्याने पुसायचा आणि उजेडात धरून फिरवायचा. छर्र्यांनी वर्षानुवर्षं पाडलेला पट्टा कितीतरी वेळा आरशासारखा लखलखीत निघतो. वरून भंगारात काढावीशी वाटणारी सायकल आतून अजून धडधाकट असते. हा क्षण मी अनेकदा अनुभवलाय, तरी दर वेळी एक्सल पुसताना हात सावकाश होतो.

जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये रोव्हर सायकल आणली. जवळपास सारख्या उंचीची दोन चाकं आणि चेनने फिरणारं मागचं चाक ही तिची मांडणी. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. पुढे शंभर वर्षं साध्या सायकलीचा गाभा फारसा बदलला नाही. कप, कोन (छर्रे कपात दाबून धरणारा निमुळता नट), छर्रे, नट, वॉशर. यातलं जवळजवळ सगळं उघडता येतं, धुता येतं आणि परत बसवता येतं, कारण ते तसंच वापरलं जावं म्हणून बनवलेलं असतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे: नवा भाग शोधायला निघण्याआधी जुना भाग उघडून साफ करा. अर्ध्याहून जास्त दुरुस्ती तिथेच संपते.

पाना हातात घेण्याआधी

सायकल कुठूनही आलेली असो, पहिल्या दिवशी फक्त बघायचं. रंग उडालाय, क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत, टायर फाटलेत, याची काळजी नको. बघायचं ते फ्रेमकडे. हँडलच्या नळीला वरचा दांडा आणि तिरकी नळी जिथे येऊन मिळतात, त्याच्या जरा मागे खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुत्या असतील किंवा पत्र्याला लाट आल्यासारखी वाटत असेल, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. मग बाजूला उभं राहून पुढचं चाक धरणारा चिमटा बघा. चिमट्याचा वरचा सरळ भाग हँडलच्या नळीच्या रेषेत असला पाहिजे. तो मागे ढकलल्यासारखा दिसत असेल तर चिमटा वाकलाय.

मागचा भाग सरळ आहे का, हे दोऱ्याने कळतं. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या डाव्या खाचेला दोरा बांधायचा, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणायचा आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर पट्टीने मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम एका अंगाला गेलीय. पोलादी फ्रेम जाणकार माणसाला सरळ करता येते. चिरेची गोष्ट वेगळी. जोडांजवळ किंवा बॉटम ब्रॅकेटच्या आसपास केसासारखी चीर दिसली तर ती सायकल पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नका.

दुसरी तपासणी सीट पिलरची आणि हँडलच्या दांड्याची. दोन्ही हलतात का? पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा पिलर वर्षानुवर्षं तसाच राहिला असेल, तर दोन धातूंच्या मध्ये क्षार धरून तो जवळजवळ वितळून जोडल्यासारखा बसतो. अशी सायकल सोडून द्या असं मी म्हणत नाही, पण त्या एका कामाला कित्येक दिवस लागू शकतात हे आधीच धरून चला.

आणखी एक. जे भाग सायकलवर नाहीतच त्यांची यादी करा. चेनकव्हर, मडगार्डचे स्टे (आधाराच्या काड्या), रॉड ब्रेकच्या छोट्या जोडण्या. गंजलेला भाग वाचवता येतो, पण हरवलेला भाग त्याच मापाचा मिळवणं हेच या छंदातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे.

उघडताना

एकही नट सैल करण्याआधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, वरून, खालून. ब्रेकच्या प्रत्येक जोडणीचा आणि मडगार्डच्या प्रत्येक स्क्रूचा जवळून फोटो. वॉशर कुठल्या क्रमाने होते, हे चार आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही. मी प्रत्येक एक्सलवरचे कोन, वॉशर आणि नट काढल्या क्रमानेच तारेत ओवून ठेवतो आणि तारेला चिठ्ठी बांधतो: पुढचं चाक, डावी बाजू. छर्रे बाटलीच्या झाकणात ठेवू नका. झाकण कलंडतं. घट्ट झाकणाची छोटी डबी घ्या.

हत्यारं थोडीच लागतात. चांगल्या पोलादाचे रिंग पाने, कोनसाठी पातळ पाने, निपल (स्पोकच्या टोकाचा छोटा नट) फिरवायचा पाना, जड हातोडी, लाकडाचा ठोकळा, जी-क्लॅम्प, तांब्यापितळेचा ब्रश, पेनिट्रेटिंग ऑइल आणि ग्रीसचा डबा. कोनला पाना धरायच्या सपाट कडा फार अरुंद असतात, जाड पाना तिथे बसतच नाही. लॉकरिंग (कप जागेवर आवळून धरणारं कडं) आणि बॉटम ब्रॅकेटच्या कपसाठी वेगळा पाना येतो, तो जरूर घ्या. छिन्नीने ठोकून लॉकरिंग सुटते खरी, पण तिच्या खाचा कायमच्या चेचल्या जातात.

आता आट्यांविषयी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सायकल उघडताना लागणारे दोन भाग उलट्या आट्यांचे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटणारे असतात. एक म्हणजे डावं पायडल. पायडल फिरताना एक्सलवर जो घासून फिरण्याचा जोर येतो, तो साध्या आट्यांना हळूहळू सोडवू शकतो, म्हणून डावीकडचे आटे उलटे पाडलेले असतात. लक्षात ठेवायला सोपं असं की, पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडलं सुटतात.

दुसरा भाग म्हणजे ब्रिटिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा. तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. मात्र इटालियन मापाच्या फ्रेममध्ये दोन्ही कपांचे आटे सरळ असतात. तो उजवा कप काढायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. डावा कप आणि एक्सल बाहेर काढले की उजवा कप आतून ब्रशने धुता येतो. त्याच्या पट्ट्याला खड्डे पडले असतील तरच त्याच्यावर जोर लावा.

अडकलेल्या नटाला घाई चालत नाही. पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब, एक रात्र, पुन्हा दोन थेंब, हातोडीने हलकी टिचकी, आणखी एक रात्र. सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाची पकड त्याने मोडते. अडकलेल्या सीट पिलरसाठी सायकल उलटी करा आणि बॉटम ब्रॅकेटच्या पोकळीतून उभ्या नळीत तेल ओता. ते पिलरच्या खालच्या टोकापर्यंत जातं, जिथे वरून टाकलेलं तेल पोचत नाही. पिलर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला तापवू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापवलं तर पकड वाढते. पिलरवर बर्फ लावून तो आकसला तर फायदा होतो.

हँडलचा दांडा काढायचा तर वरचा लांब बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, बोल्टच्या डोक्यावर लाकूड ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. आतली पाचर खाली पडते आणि दांडा मोकळा होतो. बोल्ट पूर्ण काढून मग हँडल पिळत बसण्यात काही अर्थ नाही, कारण पाचर आत तशीच अडकलेली असते.

कॉटर

जुन्या पोलादी सायकलींचे क्रँक, म्हणजे पायडलांचे दांडे, कॉटर नावाच्या पिनेने बसवलेले असतात आणि कॉटरपुढे नवशिके हात टेकतात. माझा पहिला कॉटर मी क्रँकला काहीही आधार न देता ठोकला. सहा-सात घावांत त्याची आट्यांची बाजू छत्रीसारखी पसरली, कॉटर तिथेच राहिला आणि घावांचा सगळा मार छर्र्यांवर बसून आतल्या कपाला खळगे पडले. तो कप पुढे बदलावा लागला. तेव्हापासून आधाराशिवाय एकही ठोका देत नाही.

कॉटर म्हणजे पाचरच आहे. त्याची एक बाजू तिरकी, सपाट घासलेली असते आणि ती एक्सलच्या खाचेवर बसते. तो आट्यांच्या बाजूने ठोकायचा आणि जाड बाजूने बाहेर काढायचा. नट पूर्ण काढू नका. नटाची पातळी कॉटरच्या टोकाबरोबर येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे चेचले जाणार नाहीत. आता कॉटरची जाड बाजू खाली करा आणि क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा उभा करा. नळीचं एक टोक पक्क्या जमिनीवर, दुसरं टोक क्रँकला टेकलेलं, आणि कॉटरचं डोकं नळीच्या पोकळीत. असं केलं की घावाचा जोर छर्र्यांवर न जाता जमिनीत जातो. मग जड हातोडीचा एकच, सरळ, ठाम घाव. बारीक बारीक ठोके कॉटर पसरवतात.

हातोडी नको असेल तर जी-क्लॅम्प वापरा. एका बाजूला कॉटरच्या डोक्यावर सॉकेट, दुसऱ्या बाजूला क्लॅम्पचा स्क्रू आट्यांच्या टोकावर. जमेल तितकं आवळा, पेनिट्रेटिंग ऑइल टाका आणि तसंच रात्रभर सोडा. सकाळी 'टक्' असा आवाज येऊन कॉटर सुटलेला पुष्कळदा दिसतो.

नवे कॉटर जोडीनेच घ्या, एकाच मापाचे. ब्रिटिश घडणीच्या सायकलींना बहुधा ९.५ मिलिमीटरचा लागतो, काही सायकलींना ९ मिलिमीटरचा. तिरकी बाजू कानसने घासून दोन्ही कॉटर सारख्या खोलीवर बसतील असं करा, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना ते पायाला जाणवतं. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात. तपासायला सोपं आहे: उजवा क्रँक पुढे आडवा धरल्यावर नट ज्या बाजूला, डावा पुढे आडवा धरल्यावरही नट त्याच बाजूला असला पाहिजे. बसवतानाही नळीचा आधार देऊन ठोकूनच बसवा. नट कॉटरला फक्त जागेवर ठेवतो, आत ओढण्याचं काम त्याच्याकडून करून घेतलं तर आटे जातात.

छर्रे, कप आणि कोन

सायकलच्या फिरण्याचा सगळा आनंद इथे आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

सगळं रॉकेलमध्ये धुवा, पुसा, मग तपासा. कोनवर आणि कपात छर्र्यांचा पट्टा दिसेल. पट्टा चमकदार आणि सलग असेल तर भाग चांगला आहे. डोळ्यांना न दिसणारे खड्डे बॉलपेनच्या टोकाने सापडतात. टोक पट्ट्यावरून हलकेच ओढायचं. खड्डा असेल तिथे ते अडखळतं. खड्डे पडलेला कोन बदलायचा. पॉलिश पेपरने घासून तो नीट होत नाही, कारण वरचा कडक थर गेला की खालचा मऊ धातू लगेच झिजतो.

छर्रे मात्र नेहमी नवे टाका, पूर्ण संच. त्यात कंजुषी करू नका. नेहमीची मापं अशी: बॉटम ब्रॅकेटला आणि मागच्या हबला (चाकाच्या मधल्या नळीला) पाव इंची, पुढच्या हबला बहुधा ३/१६ इंची. बॉटम ब्रॅकेटला पिंजऱ्याशिवाय (छर्रे एकत्र धरणाऱ्या कड्याशिवाय) एका बाजूला ११ छर्रे बसतात, मागच्या हबला एका बाजूला ९. जुने छर्रे मोजून खात्री करा, पण मोजलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधीच्या कुणीतरी एखादा हरवलेला असू शकतो. कपात भरपूर ग्रीस भरा, छर्रे एकेक करून त्यात दाबत जा. कडं भरत आलं की शेवटी एका छर्र्याएवढी फट राहू द्या. ठासून भरलेले छर्रे एकमेकांवर घासतात.

आता जुळवणी. कोन हाताने फिरवून छर्र्यांना टेकेपर्यंत आणा, मग किंचित मागे घ्या आणि पातळ पान्याने कोन धरून लॉकनट आवळा. आवळताना कोन थोडा सरकतो, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात माप क्वचितच बरोबर येतं. दोन बोटांनी एक्सल फिरवा. खरखर जाणवली तर फार घट्ट, टकटक हलला तर सैल. पाव-पाव फेऱ्याने बदलत जा. चाक चिमट्यात बसवल्यावर रिम धरून डावीउजवीकडे हलवा, खेळ जाणवता कामा नये. मग पुढचं चाक उचलून सोडून द्या. हब नीट जुळलं असेल तर चाक आपोआप सावकाश झुलत राहतं आणि शेवटी व्हॉल्व्हची जड बाजू खाली येऊन थांबते. ती झुलण्याची शेवटची, अगदी लहानशी हालचाल बघत बसणं हा माझ्यासाठी या छंदातला सर्वांत समाधानाचा भाग आहे.

हँडलच्या बेअरिंगमध्ये एक नेहमीची तक्रार असते. हँडल अगदी सरळ असताना खाचेत बसल्यासारखं अडकतं. वर्षानुवर्षं त्याच जागी हादरे बसून कपात खळगे पडलेले असतात. नवे कप मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास पिंजऱ्यातले छर्रे काढून तिथे सुटे भरा. सुटे छर्रे संख्येने जास्त मावतात, त्यामुळे ते जुन्या खळग्यांच्या जागी एकाच वेळी येत नाहीत आणि अडकणं पुष्कळ कमी होतं.

बॉटम ब्रॅकेटचा एक्सल परत बसवताना लांब टोक चेनच्या बाजूला जातं हे विसरू नका. आणि एक्सल आत घालण्याआधी फ्रेम आतून झटका. नळ्यांमधला गंज पडेल. तो सगळा बाहेर आला की आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवतात, त्याने ओलाव्यापासून रक्षण होतं. हे तेल लागलेली फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गंज आणि रंग

क्रोमवरचे गंजाचे ठिपके घालवायला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा आणि पाणी पुरतं. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज करड्या चिखलासारखा निघून येतो. पुसा, वाळवा, मेण लावा. लोखंडी तारेचा काथ्या क्रोमवर वापरू नका.

जास्त गंजलेले पोलादी भाग, म्हणजे नट, बोल्ट, मडगार्डचे स्टे, कॅरिअर, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात टाकता येतात. लिटरभर पाण्याला साधारण २० ग्रॅम पुरे. काही तासांपासून एका रात्रीपर्यंत ठेवा. हे विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका आणि भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडे करा आणि तेल लावा. ओला राहिलेला पोलादी भाग थोड्याच वेळात पुन्हा तांबूस होतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग त्यात घालू नका. छर्रे, चेन आणि स्प्रिंगा कुठल्याच ॲसिडात नकोत, कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. शक्य तिथवर जुना रंग ठेवा. मी एकदा एक काळी फ्रेम पार धातूपर्यंत घासली. अर्ध्यावर आल्यावर धुळीखालून हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेघा दिसायला लागल्या, तोवर एका बाजूच्या गेल्या होत्या. त्या कुणाच्या तरी स्थिर हाताने एका दमात ओढलेल्या होत्या आणि त्या परत आणणं मला शक्य नव्हतं. म्हणून आधी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. मग बॉटम ब्रॅकेटखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, पॉलिश करून बघा. अक्षरांच्या चिकटपट्ट्यांना थिनर किंवा स्पिरिट लावू नका, त्या सुटून येतात. गंज थांबवलेल्या जागी तेवढ्यापुरता रंग लावा आणि सगळ्या फ्रेमला मेण द्या.

नव्याने रंगवायचंच असेल तर फ्रेमवरचा नंबर आधी लिहून घ्या. तो सीटखालच्या जोडावर, बॉटम ब्रॅकेटखाली किंवा मागच्या खाचेजवळ ठोकलेला असतो आणि जाड रंगाखाली वाचेनासा होतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला योग्य मास्क लावा आणि गाळ लहान मुलांपासून दूर ठेवा. बॉटम ब्रॅकेटचे आटे, उभ्या नळीचं तोंड आणि कप बसतात त्या जागा टेपने झाका. प्राइमर आणि रंगाचे पातळ पातळ हात द्या. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण ते जाड बसतं आणि जोडांच्या नाजूक कडा बुजवतं.

चाकं

रिमवरची जुनी पट्टी काढून आतून बघा. वरून चांगली दिसणारी पोलादी रिम स्पोकच्या भोकांभोवती आतून खाल्लेली असू शकते. तिथे धातू पोखरलेला असेल तर ती रिम बाद.

आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढण्याआधी प्रत्येक निपलला तेलाचा थेंब द्या आणि रात्रभर थांबा. सायकल उलटी उभी करून ब्रेकपॅड किंवा चिमट्याला बांधलेली काडी हीच खूण धरा. रिम ज्या बाजूला घासते त्याच्या विरुद्ध बाजूचे स्पोक आवळायचे आणि घासणाऱ्या बाजूचे तेवढेच सैल करायचे, एका वेळी पाव फेरा. रिमच्या बाहेरून, टायरच्या बाजूने बघितल्यास घड्याळाच्या दिशेने निपल आवळतो. आधी डावंउजवं, मग वरखाली, मग पुन्हा डावंउजवं. मधूनमधून स्पोक बोटाने छेडा. एका बाजूच्या स्पोकचा सूर साधारण सारखा आला पाहिजे. एखादा बद्द वाजत असेल तर तो सैल आहे, रिम सरळ दिसत असली तरी. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, त्यामुळे जोडीला नवं हब किंवा रिम शोधताना भोकं मोजा.

टायर घेताना इंचांवर विसंबू नका. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ दोन्हींवर २६ लिहिलेलं असतं, पण पहिला टायर ५९० मिलिमीटरच्या रिमला बसतो आणि दुसरा ५५९च्या. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसतच नाही. २८ × १ १/२ म्हणजे ६३५, तर ७००सी म्हणजे ६२२. टायरच्या बाजूला ३७-५९० अशी आकड्यांची जोडी छापलेली असते. दुसरा आकडा रिमशी जुळला की झालं. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला आत बारीक रबरी नळी असते. चाक रोज थोडं थोडं बसत असेल तर पंक्चर शोधण्याआधी ती व्हॉल्व्ह ट्यूब बदला.

ब्रेक

ब्रेकची तार आणि पॅड नवेच टाका. इथे जुनं वाचवायचा माझा नियम मी बाजूला ठेवतो. जुनं रबर काचेसारखं कडक होतं, आणि पोलादी रिमवर, त्यातही पावसात, त्याची पकड जवळजवळ नाहीशी होते.

रॉड ब्रेकला तारा नसतात. पॅड रिमच्या आतल्या, हबकडच्या पृष्ठभागावर वर ओढले जातात, त्यामुळे रिम वरखाली आउट असेल तर ब्रेक एका जागी पकडतो आणि दुसऱ्या जागी सुटतो. म्हणून चाक आधी, ब्रेक नंतर. प्रत्येक सांध्यात तेलाचा थेंब द्या, पण रिमवर उडू देऊ नका. पॅड खाचेत सरकवून बसतो त्या धारकाचं एक तोंड बंद असतं. चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेला हे बंद तोंड आलं पाहिजे. उलट बसवलं तर जोरात ब्रेक दाबताच पॅड सरकून बाहेर पडतो.

चेन, फ्रीव्हील, गियर

चेन धुण्याआधी मोजा. एका पिनच्या मध्यापासून पट्टी लावा, बरोबर १२ इंचांवर पिन आली पाहिजे. १/१६ इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंचाने गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे दातेही झिजलेले असणार, नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारेल. एकच वेग असलेल्या सायकलीला १/८ इंच रुंदीची चेन लागते. जोडकडीची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवा.

फ्रीव्हील उघडू नका. त्याच्या तोंडावरची दोन भोकांची चकती बहुधा उलट्या आट्यांची असते. ती फिरली की डझनावारी बारीक छर्रे आणि केसासारख्या स्प्रिंगा बाहेर सांडतात. फ्रीव्हील आडवं ठेवून फटीत रॉकेल सोडा, फिरवा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत पुन्हा सोडा, वाळू द्या आणि मग पातळ तेल टाका. टकटक आवाज स्वच्छ आणि एकसारखा येऊ लागला की काम झालं.

मागच्या हबमध्ये तीन गियर असतील, तर हबच्या अंगावर बघा. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या पुष्कळ हबांवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. सायकलचं वय ताडायला तो चांगला धागा आहे, फक्त चाक मधल्या काळात बदललेलं नसावं. त्यांच्या एडब्ल्यू हबमध्ये मधला गियर सरळ चालतो, खालचा त्याच्या पाऊणपट आणि वरचा सव्वापटीहून जरा जास्त, म्हणजे चार तृतीयांश. अशी हबं क्वचितच खरोखर बिघडलेली असतात. तेलाच्या भोकातून पातळ तेल द्या, ग्रीस नको. मग तारेचा ताण जुळवा: मधल्या गियरवर असताना उजव्या नटाच्या भोकातून दिसणारी, गियरच्या तारेला जोडलेल्या छोट्या साखळीच्या दांडीची पायरी एक्सलच्या टोकाशी समपातळीत हवी. हे नीट नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये पायडल अचानक मोकळं फिरतं, आणि उभं राहून जोर लावत असताना ते झालं तर पडणं ठरलेलं.

कातड्याची सीट

ब्रुक्ससारखी जुनी कातड्याची सीट असेल तर ती टाकू नका. वाळलेल्या कातड्यावर लगेच बसू मात्र नका, ते फाटतं. धूळ ओलसर फडक्याने काढा, कातड्याचं मेण खालून आणि वरून पातळ लावा, दोन दिवस थांबा, पुन्हा लावा. तेलात भिजवलं तर कातडं मऊ पडून झोळी होते. नाकाकडचा ताणाचा बोल्ट अर्ध्या फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका.

जोडणी आणि पहिली फेरी

उलट क्रमाने जोडत जा आणि प्रत्येक आट्याला ग्रीस लावा. पिलरला आणि हँडलच्या दांड्यालाही, म्हणजे पुढच्या वेळी उघडणाऱ्याला त्रास होणार नाही. दोघांवरही आत किती घालायचं याची खूण असते, ती नळीबाहेर दिसता कामा नये. चेन मध्यावर वरखाली साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवून तपासा, कारण एका जागी ती जास्त ताणलेली असते. ढिलाई त्या जागी मोजा.

रस्त्यावर नेण्याआधी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये टकटक येते का ते बोटांनी ऐका. पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागी, पाना खिशात ठेवून. दहा मिनिटांनी थांबून चाकांचे नट, क्रँक आणि ब्रेक तपासा. साधारण पन्नास किलोमीटर झाल्यावर कॉटर आधार देऊन पुन्हा एकदा ठोका आणि नट आवळा, कारण नवा कॉटर बसत बसत थोडा आत जातो. त्याच बैठकीत स्पोकही छेडून बघा. नव्याने आवळलेल्या चाकात दोन-चार सुटलेले सापडतातच.